राइनकाठच्या जुन्या शहरांत ज्यू लोक गावकीत होते की नव्हते?

मुक्काम_मानहाइम

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, हा धागा आजच्या इस्राएलबद्दल नाही. तो विषय इथे आणू नका, नाहीतर धाग्याचं काश्मीर होईल, म्हणजे न संपणारं भांडण. प्रश्न नऊशे वर्षांपूर्वीच्या जर्मन शहरांचा आहे.

माझं बिऱ्हाड मानहाइमला. एका अंगाला वर्म्स, दुसऱ्या अंगाला श्पायर, दोन्हीकडे लोकलने पटकन जाता येतं. ही दोन शहरं आणि माइंत्स मिळून मध्ययुगातल्या ज्यूंचं मोठं केंद्र होतं. हिब्रू आद्याक्षरांवरून त्याला 'शूम' म्हणतात, आणि २०२१ साली युनेस्कोने तिथल्या वास्तूंना जागतिक वारसा ठरवलं. श्पायरचं जमिनीखालचं स्नानकुंड आणि वर्म्सची दफनभूमी बघण्यासारखी आहे. पण तिथून बाहेर पडताना डोक्यात दोनच गोष्टी उरतात: थोर रब्बी (ज्यू धर्मगुरू) आणि कत्तली. मधल्या काळात ही माणसं रोज उठून काय करत होती? गावच्या कारभारात त्यांचा हात होता का?

आपल्या डोक्यातलं चित्र ठरलेलं आहे. वेगळी वस्ती, सावकारी, अधूनमधून दंगल. आता १०८४ ची श्पायरच्या बिशपची, रूडिगर हुझमानची, सनद बघा. तो म्हणतो की मी श्पायर खेड्याचं नगर करतो आहे, आणि ज्यूंना इथे वसवलं तर या जागेचा मान हजारपटीने वाढेल असं मला वाटतं. त्यांना त्याने वस्तीभोवती तट दिला, चर्चच्या मालकीच्या जमिनीतून दफनभूमी दिली, सोन्याचांदीचा आणि मालाचा मोकळा व्यापार दिला. त्यांच्या आपसातल्या तंट्यांचा निवाडा त्यांच्याच प्रमुखाने करायचा, जसा शहराचा अधिकारी शहरवासीयांचा करतो तसा. बदल्यात वर्षाला साडेतीन पौंड श्पायरी नाणं, आणि आपल्या वस्तीपुरता पहारा नि तटाची देखभाल.

माझं मत असं, की त्या काळच्या शहरात जो गावचं ओझं उचलतो तो गावचा. म्हणजे ज्यू गावकीत होते. सभागृहात खुर्ची होती की नाही हा पुढचा प्रश्न. तुम्हाला काय वाटतं?

फुटकळ

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. काश्मीर कितव्या प्रतिसादाला होतं यावर पैज लावणाऱ्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.

निवृत्त_कारकून

विषय आवडला. उभी नोकरी नगरपालिकेत गेली, आधी जकात नाका, मग मिळकत विभाग. त्यामुळे आमचे प्रश्न कारकुनी. (१) जकात कोण भरत होतं आणि कोणाला माफ होती? (२) पहारा म्हणजे स्वतः भाला घेऊन उभं राहायचं, की पैसे भरून सुटका? (३) घर कोणाच्या नावावर लागत होतं? या तिन्हींची उत्तरं मिळाली की माणूस गावचा आहे की पाहुणा ते कळतं. सनदेतली गोड भाषा आम्ही फार पाहिली आहे. नव्या वसाहतीचं उद्घाटन असलं की सगळेच मान हजारपटीने वाढवतात.

मुक्काम_मानहाइम

@निवृत्त_कारकून, जकातीचं उत्तर वर्म्सला आहे, आणि ते श्पायरच्या सनदेहून दहा वर्षं जुनं आहे. १०७३ च्या अखेरीस राजा हेन्री चौथा अडचणीत होता, सरदार उलटले होते. वर्म्सच्या लोकांनी आपल्या बिशपला हाकलून राजाला दरवाजे उघडून दिले. बक्षीस म्हणून १८ जानेवारी १०७४ ला राजाने जकातमाफी दिली. फ्रांकफुर्ट, डॉर्टमुंड, गोस्लार अशा राजाच्या नाक्यांवर या लोकांकडून जकात घ्यायची नाही. कोणाकडून? 'ज्यू आणि बाकीचे वर्म्सकर' यांच्याकडून. आधी ज्यू, मग बाकीचे. साहजिकच आहे, कारण लांबचा व्यापार त्यांच्या हातात होता. पण राजाच्या कागदात ते वर्म्सकरांतच मोजले गेलेत, वेगळी यादी नाही.

अभिजात

लेख छान, निष्कर्ष पटला नाही.

दोन्ही कागद वरून आलेले आहेत, एक राजाचा आणि एक बिशपचा. शहराने काय केलं ते बघायचं तर १०९६ बघा, श्पायरच्या सनदेनंतर फक्त बारा वर्षं. पहिल्या धर्मयुद्धाचे (जेरुसलेम जिंकायला निघालेल्या ख्रिस्ती लोकांचे) जथे राइनकाठी आले. श्पायरला बिशप योहानने लोकांना वाचवलं, अकरा जण गेले. वर्म्सला आठशेच्या आसपास मारले गेले. माइंत्सला हजाराहून जास्त, आणि तिथे शहराचे दरवाजे एमिखो या म्होरक्याच्या टोळीला आतून उघडून दिले ते शहरवासीयांनी. हे तुमचे गावकीतले शेजारी!

बिशपने वस्तीला तट का दिला हेही सनदेत लिहिलेलं आहे. जमावाच्या दांडगाईने त्यांना सहज त्रास होऊ नये म्हणून. ज्याला आपल्याच गावापासून वाचायला भिंत लागते तो कसला गावकरी?

रेवा

+१ अभिजात. पण तरीही वाचायला मजा येतेय. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

कावेरी

दोघांच्या मध्ये उडी घेते. राइनच्या खालच्या अंगाला कोलोनला चला. तिथला पुरावा राजाचा किंवा बिशपचा नाही, गावचाच आहे.

कोलोनची ज्यू वस्ती शहराच्या अगदी मध्यावर, संत लॉरेन्सच्या परगण्यात (म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या भागात). वस्तीच्या मधोमध सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), शेजारी स्नानकुंड, बेकरी. आणि तिथेच, ज्यूंच्या घरांच्या गराड्यात, नागरिकांचं सभागृह. १२व्या शतकाच्या पूर्वार्धात त्या घराचा पहिला उल्लेख येतो, तो 'ज्यूंमध्ये असलेलं घर' असा. कोलोनचं टाउन हॉल आजही त्याच ठिकाणी आहे. म्हणजे शहराची सभा भरायची तर सभासदांना ज्यू गल्लीतून चालत जावं लागे. अलीकडे त्या चौकात मोठं उत्खनन झालं आणि जमिनीखालची सगळी वस्ती उघडी पडली.

तिथे तटाच्या एका दरवाजाला ज्यूंचा दरवाजा म्हणत, त्याचं रक्षण त्यांच्याकडे होतं. म्हणजे कारकूनकाकांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, प्रत्यक्ष उभं राहायचं.

आता तिसरा प्रश्न, जो मला सगळ्यांत आवडतो. कोलोनमध्ये प्रत्येक परगण्याची मिळकतींची नोंद ठेवली जाई. आधी मोठ्या चर्मपत्रांवर, पुढे वह्यांत, आणि ते सगळं एका पेटीत कुलूपबंद. घर विकलं, गहाण टाकलं, मुलीला दिलं, की परगण्याच्या अधिकाऱ्यांसमोर जाऊन नोंद करायची. संत लॉरेन्सच्या परगण्यात १३व्या शतकाच्या उत्तरार्धापासून ज्यूंच्या व्यवहारांची वही वेगळी आहे. पण ठेवणारे अधिकारी तेच, ख्रिस्ती. ज्यू पक्षकार हिब्रूत करार लिहून आणायचे, त्यांच्या पंचांची सही घेऊन. त्याच्या आधारे लॅटिनमध्ये नोंद व्हायची. काही हिब्रू चिठ्ठ्या त्या लॅटिन नोंदींसोबत आजही टिकून आहेत. आपल्या कायद्याप्रमाणे झालेला व्यवहार गावच्या दप्तरात तसाच मान्य होणं, ही काही लहान गोष्ट नाही.

निवृत्त_कारकून

कावेरीताई, तुम्ही आमचा दिवस बनवलात. हा तर अस्सल फेरफार! दोन भाषांतला कागद एका दप्तरात लावायचा म्हणजे कारकुनाला काय व्याप असतो ते आम्हाला विचारा. आमच्याकडे मोडीतला दस्त आला की साहेब पांढरेफटक पडायचे.

एक विचारतो. या नोंदीत घराच्या चतुःसीमा कशा देत? शेजारी ज्यू आणि ख्रिस्ती मिसळून येतात का?

कावेरी

येतात. अमक्या ज्यूच्या घराला लागून तमक्या ख्रिश्चनाचं घर, असं चालूच असतं. घरं एकमेकांना विकलेलीही सापडतात. 'घेट्टो', म्हणजे ज्यूंना सक्तीने कोंडलेली वेगळी वस्ती, हा प्रकार फार पुढचा. फ्रांकफुर्टच्या ज्यूंना शहराने जुन्या तटाबाहेरच्या एका गल्लीत कोंबलं ते १४६२ मध्ये. त्याआधी ते तिथल्या मोठ्या चर्चजवळ, भर गावात राहत होते.

रेवदंडेकर

अवांतर: आमच्या अलिबाग-रेवदंडा पट्ट्यात बेने इस्राएली (कोकणातले ज्यू) लोकांना शनवार तेली म्हणत, कारण तेलाचा घाणा शनिवारी बंद. मुंबईचे १९३७ चे महापौर डॉ. ई. मोझेस हे त्यांच्यातलेच, महालक्ष्मीच्या रस्त्याला नाव आहे. आमच्याकडे खुर्चीही मिळाली म्हणायची! त्या जर्मन शहरांत एक तरी ज्यू नगराध्यक्ष झाला का?

अभिजात

@रेवदंडेकर, मध्ययुगात नाही. आणि तोच तर माझा मुद्दा आहे. बाकी १९३७ ची इंग्रजी अमलातली महापालिका आणि १२व्या शतकातलं बिशपचं शहर एका तराजूत कशाला घालता? एक निवडणुकीवर चालते, दुसरं शपथेवर.

संपादक

बेने इस्राएलींवर स्वतंत्र धागा काढावा, आम्हालाही वाचायला आवडेल. इथे राइनकाठच राहू द्या.

मृणाल

सगळे पहारेकरी आणि सावकार. बायका कुठे आहेत? त्यांना गावकीत काही जागा होती, की त्या नेहमीप्रमाणे चुलीशी?

मुक्काम_मानहाइम

@मृणाल, वर्म्समधल्या एका बाईबद्दल आपल्याला बरंच माहीत आहे, कारण तिच्या नवऱ्याने तिच्यावर विलापिका लिहून ठेवली. बाईचं नाव दुल्सिया. नवरा म्हणजे वर्म्सचा एलाझार, त्या काळचा नामांकित रब्बी. तो पोथ्यांत बुडालेला, घर चालवायची ती. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पैसे एकत्र करून व्याजाने लावायची. चर्मपत्रांचे तुकडे शिवून तिने चाळीसेक तोराच्या (ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या) गुंडाळ्या जोडल्या असं तो लिहितो. दोरा कातायची, नवऱ्याच्या शिष्यांना रांधून घालायची, नवऱ्या मुली सजवायची, मेलेल्या बायकांना शेवटची आंघोळ घालायची. गावोगावच्या बायकांना प्रार्थना शिकवायची.

१११६ नव्हे, ११९६ च्या हिवाळ्यात (तारखा देताना अभिजातला घाबरून दोनदा तपासतो) दोन माणसं घरात घुसली. दुल्सिया, तेरा वर्षांची बेलेट आणि सहा वर्षांची हॅना मारल्या गेल्या. एलाझार आणि मुलगा जखमी झाले. दुल्सिया जखमी अवस्थेत मदतीला हाक मारायला बाहेर धावली, आणि हल्लेखोरांनी तिला तिथे गाठलं.

इथे धाग्याचा संबंध येतो. आठवड्याभरात मारेकऱ्यांपैकी एक पकडला गेला आणि त्याला देहदंड झाला. १०९६ ला जे शहर बघत राहिलं, त्याच शहरात शंभर वर्षांनी ज्यू घरातल्या खुनाचा तपास आठवड्यात लागतो. यंत्रणा चालत होती.

मृणाल

धन्यवाद. एवढं सगळं करून वर व्याजाचा हिशोबही तिचाच. तिला सभागृहात बसवलं असतं तर गाव नीट चाललं असतं.

फुटकळ

आणि चर्चेला चहाही तिनेच केला असता असं काही सभासद म्हणाले असते.

अभिजात

दुल्सियाची हकिकत वाचून गलबलून आलं. तरी मुद्दा सोडत नाही. खुन्याला शिक्षा होणं म्हणजे संरक्षण. संरक्षण गुरांनाही असतं, गावकीत मत लागतं.

संरक्षणाची किंमत काय, तेही बघू. १२३५ ला फुल्डा गावात ज्यूंवर मुलं मारल्याचा आळ आला. सम्राट फ्रेडरिक दुसरा याने चौकशी लावली आणि आळ खोटा ठरवला, हे त्याचं श्रेय. पण १२३६ च्या त्याच हुकमात जर्मनीतले सगळे ज्यू 'आमच्या खजिन्याचे सेवक' असल्याचं लिहिलं. खजिन्यातली वस्तू गहाण टाकता येते, विकता येते. पुढच्या सम्राटांनी तेच केलं, अमुक शहराचे ज्यू अमक्या बिशपकडे गहाण, असे कागद निघाले. असा माणूस शहराचा भागीदार कसा?

शिवाय शपथ. कोर्टात ज्यूची शपथ वेगळी. एर्फुर्टची १२०० च्या आसपासची शपथ त्यातल्या त्यात सौम्य. पुढच्या दक्षिण जर्मन कायद्यात ज्यूला डुकराच्या कातड्यावर उभं करून शपथ द्यायची सोय आहे. गावकी म्हणे!

निवृत्त_कारकून

अभिजातराव, तुमचा कागद मान्य. पण कर कोण वसूल करत होतं त्यावर ठरवू. ज्यूंचा कर गावच्या करात मिळवत की वेगळा काढत? आकडा असेल तर द्या कोणीतरी.

कावेरी

१२४१ चा साम्राज्याचा करपट टिकून आहे. बहुतेक ठिकाणी शहराची आणि तिथल्या ज्यूंची रक्कम वेगळी लिहिलेली आहे. बाझेल शहर २०० मार्क (चांदीचं त्या काळचं माप), तिथले ज्यू ४०. स्ट्रासबुर्ग शहर २०० मार्क, आणि तिथले ज्यूही २००! वर्म्सचे ज्यू १३०. मूठभर लोकांनी अख्ख्या शहराइतका कर भरायचा.

यावरून दोन्ही बाजू भांडू शकतात, भांडा.

मुक्काम_मानहाइम

भांडतोच. ओळ वेगळी म्हणजे माणूस परका असं होत नाही. त्या शहरांत पाद्री वेगळे मोजले जात, बिशपचे चाकर वेगळे, कारागीर वेगळे. सगळ्यांना एकच कायदा हे आपल्या काळचं खूळ. तेव्हा शहर म्हणजे निरनिराळ्या सनदांचं गाठोडं होतं, आणि त्यात एक सनद ज्यूंची. त्यांची स्वतःची पंचायत होती, वर्म्सला बारा जणांची. तिच्या प्रमुखाला तर ख्रिस्ती कागदांत चक्क 'ज्यूंचा बिशप' म्हणत.

आणि ही पंचायत काही मवाळ नव्हती. बाहेरून आलेल्या ज्यूला वस्तीत राहायचं तर तिची परवानगी लागे. नाही म्हणायचा अधिकार तिला होता, आणि ती तो वापरायची.

फुटकळ

म्हणजे हाउसिंग सोसायटीची एनओसी! संस्कृती अमर आहे.

मुक्काम_मानहाइम

आता तटाची गोष्ट, हा माझा हुकमी पत्ता. १२०१ च्या सुमारास वर्म्सला वेढा पडला. ज्यूंनी शस्त्रं घेऊन शहराच्या बाजूने पहारा दिला, आणि तोही शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, जेव्हा हत्यार बाळगणंही निषिद्ध. परवानगी कोणी दिली? दुल्सियाच्या नवऱ्याच्या, एलाझारच्या ग्रंथातच त्याची नोंद आहे. ज्याची बायको आणि दोन मुली पाच वर्षांपूर्वी याच शहरात मारल्या गेल्या त्या माणसाने ही नोंद लिहिली आहे.

अभिजात

पत्ता हुकमी खरा, पण माझ्या हातातला. त्याच नोंदीत परवानगीचं कारणही दिलंय. आपण शहरवासीयांना मदत केली नाही, तर तेच आपल्याला मारतील. पूर्ण वाचा.

मुक्काम_मानहाइम

वाचलंय. शब्बाथ मोडायला जिवाचा धोका हेच धर्मशास्त्रात चालणारं कारण आहे. रब्बीने 'आम्हाला गावाबद्दल जिव्हाळा वाटतो' असं लिहिलं असतं, तर परवानगीच मिळाली नसती! शास्त्रातलं कारण आणि मनातलं कारण एकच असेल असं नाही.

अभिजात

आणि वेगळंच असेल असंही नाही. ज्याने घरात रक्त पाहिलंय त्याने तसं लिहिलं तर मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो.

निवृत्त_कारकून

दोघंही बरोबर असू शकतात. आमच्या पालिकेतले निम्मे लोक साहेबाच्या भीतीने आणि निम्मे कामाच्या ओढीने येत, हजेरीपटावर दोघांचीही सही सारखीच.

सुमेध_आ

वाचनमात्र होतो, भर घालतो. औग्सबुर्ग, १२९८. त्या वर्षी फ्रांकोनियात रिंटफ्लाइश नावाच्या माणसाच्या टोळ्या गावोगाव ज्यूंना मारत सुटल्या होत्या. औग्सबुर्गच्या सभेने आपल्या ज्यूंना हात लावू दिला नाही. ऑगस्टमध्ये ज्यू समाजाने शहराला लिहून दिलं, की आमच्या दफनभूमीजवळचा शहराचा तट आम्ही चार वर्षांत स्वखर्चाने बांधून देऊ. त्या कागदाला ज्यू समाजाचा स्वतःचा शिक्का आहे. दोन डोक्यांचा साम्राज्याचा गरुड, दोन्ही डोक्यांच्या मध्ये ज्यूंची टोकदार टोपी, आणि कडेने हिब्रू आणि लॅटिन अशा दोन्ही लिपींत मजकूर. स्वतःचा शिक्का असणं म्हणजे करार करायला कायद्याने लायक असणं. गरुडाच्या डोक्यावर आपली टोपी ठेवायला हिंमतही लागते.

निवृत्त_कारकून

शिक्क्याचं चित्र कुठे मिळालं तर टाका. प्रिंट काढून लावतो.

सई_न्यूरेम्बर्ग

तट बांधून घेतला, आणि पन्नास वर्षांनी, १३४८ च्या नोव्हेंबरात, त्याच औग्सबुर्गमध्ये त्यांना मारलं. हे कोणीतरी लिहायला हवं होतं.

सुमेध_आ

हो. तिथूनच खरा प्रश्न सुरू होतो. १३४८-४९ ला प्लेगच्या भीतीने विहिरीत विष घातल्याची अफवा उठली आणि जवळजवळ सगळीकडे कत्तली झाल्या. पण स्ट्रासबुर्गला काय झालं ते बारकाईने बघा. तिथल्या सभेने आणि पेटर श्वार्बर या प्रमुखाने अफवेवर विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या शहरांना पत्रं लिहून पुरावा मागितला, ज्यूंना संरक्षण दिलं. कारागिरांच्या संघांनी सरदारांच्या मदतीने ती सभाच उलथवली, आणि नव्या सभेने १४ फेब्रुवारी १३४९ ला ज्यूंना जाळलं. प्लेग अजून शहरात आलाही नव्हता. कर्जाचे कागद फाडले, रोकड वाटून घेतली. त्या काळच्या बखरकारानेच लिहून ठेवलंय की ज्यूंना मारणारं विष म्हणजे त्यांचा पैसा.

माझा निष्कर्ष असा. जोवर शहर बिशप आणि बड्या घराण्यांच्या हातात होतं, तोवर ज्यूंना जागा होती, कारण हिशोब फायद्याचा होता. संघ पुढे आले तशी जागा गेली. संघ म्हणजे नुसती धंद्याची संघटना नव्हे. प्रत्येक संघाचा संत वेगळा, वेदी वेगळी, मेणबत्त्या आणि मिरवणूक वेगळी. त्यात ज्यू शिरणार कसा? आणि संघातूनच सभेत जायची वाट असेल तर सभागृहाचं दार आपोआप बंद. गंमत अशी की सामान्य माणसाला कारभारात वाटा मिळाला तोच काळ ज्यूंना सगळ्यांत वाईट गेला.

सई_न्यूरेम्बर्ग

सुमेध, तुझा सिद्धांत आमच्या गावात आपटतो. न्यूरेम्बर्गला १३४८ मध्ये कारागिरांनी बंड केलं खरं, पण १३४९ ला बड्या घराण्यांची सभा परत आली. तिनेच राजा चौथ्या कार्लकडून नोव्हेंबरात परवाना आणला, ज्यूंची घरं पाडून तिथे बाजारचौक करायचा आणि सिनेगॉगच्या जागी चर्च बांधायचं. ५ डिसेंबर १३४९ ला ५६२ माणसं मारली गेली. इथे जमाव उसळला नव्हता. आधी परवाना, मग नकाशा, मग कत्तल. संघबिंघ काही नाही, शहराला मध्यावर चौक हवा होता.

तो चौक म्हणजे आजचा हाउप्टमार्क्ट, आणि ते चर्च म्हणजे फ्राउएनकिर्शे. जगप्रसिद्ध नाताळबाजार तिथेच भरतो. दरवर्षी भारतातून पाहुणे आले की त्यांना मसाल्याची लेबकुखन बिस्किटं आणि गरम वाइन घेऊन द्यायला मी तिथेच नेते. चर्चमध्ये एक छोटी खूण आहे, ती मी दाखवते. काही जण वाचतात, काही जणांचं लक्ष सॉसेजच्या रांगेकडे असतं.

सुमेध_आ

मान्य, न्यूरेम्बर्ग माझ्या साच्यात बसत नाही. रेगेन्सबुर्गही नाही, पण उलट्या अंगाने. १३४९ च्या ऑक्टोबरात तिथल्या २३७ नागरिकांनी लेखी प्रतिज्ञा केली की आम्ही आमच्या ज्यूंचं रक्षण करू. आणि केलंही.

रेवा

२३७ सह्या! व्हॉट्सॲपच्या काळातही सोसायटीत एका ठरावावर इतक्या मिळत नाहीत.

अभिजात

आणि १५१९ ला त्याच रेगेन्सबुर्गने सम्राट मॅक्सिमिलियन मेल्याची संधी साधून त्यांना हाकललं. सिनेगॉग पाडण्याआधी आतलं चित्र काढून ठेवलं ते अल्टडॉर्फरने. तो नुसता चित्रकार नव्हे, शहराच्या सभेचा सभासद होता. त्याच्या चित्रामुळे ती इमारत आपल्याला दिसते, आणि पाडणाऱ्यांतही तो होता. यावर मी आणखी काही लिहीत नाही.

नवा_भिडू

पूर्ण धागा एका बैठकीत वाचला. मूळ प्रश्न होता की गावकीत होते की नव्हते. निकाल काय लागला? परीक्षेत एका वाक्यात लिहायचं तर?

कावेरी

एका वाक्यात नाही लिहिता येणार, आणि परीक्षेत आलंच तर पर्यायी प्रश्न घे.

माझ्यापुरतं सांगते. १३४९ च्या आधीचे आणि नंतरचे असे दोन वेगळे प्रश्न आहेत. आधीच्या कोलोनमध्ये त्यांची घरं गावच्या दप्तरात, दरवाजा त्यांच्या राखणीला, सभागृह त्यांच्या गल्लीत. १२६६ ला आर्चबिशप एंगेलबर्टने त्यांचे हक्क दगडात कोरून घेतले, तो दगड आजही कॅथेड्रलमध्ये आहे. मयताच्या दफनावर जादा पट्टी नाही, आणि शहरात ख्रिस्ती सावकारांना उघड व्याजबट्टा करायला बंदी, असली कलमं त्यात आहेत. खुर्ची मिळाली नाही, पण त्या काळच्या बहुतेक ख्रिस्ती गरिबांनाही ती नव्हतीच. ते त्या अर्थी गावचे होते.

१३४९ च्या ऑगस्टमध्ये ती वस्ती संपली. १३७२ ला शहराने ज्यूंना परत घेतलं, पण दहा वर्षांच्या मुदतीने. मुदत संपली की नवी बोलणी, नवी रक्कम. हा शहराशी केलेला करार आहे, यात पिढ्यान्‌पिढ्यांचं राहणं नाही. १४२४ ला मुदत वाढवली नाही, विषय संपला. दोन वर्षांत सिनेगॉगचं रूपांतर नगरसभेच्या प्रार्थनामंदिरात झालं. कोलोन कॅथेड्रलमध्ये पर्यटक ज्या लॉख्नरच्या चित्रासमोर गर्दी करतात, ते मुळात त्या प्रार्थनामंदिरासाठी काढलेलं आहे. सभेला जायच्या आधी सभासद तिथे प्रार्थना करायचे.

मुक्काम_मानहाइम

आधी-नंतरची विभागणी मला मान्य आहे. माझा दावा पहिल्या भागापुरता ठेवतो, आणि तिथे तो सोडणार नाही.

अभिजात

मी दोन्ही भागांत 'नव्हते' लिहिणार. ज्या गावात तुमचा तट बांधून घेतात पण तुमच्या जिवाचा निर्णय तुमच्याशिवाय होतो, त्या गावात तुम्ही राहता, इतकंच. कोलोनच्या दप्तराला मात्र गुण देतो.

निवृत्त_कारकून

आम्ही दप्तरवाले, त्यामुळे पहिल्या भागापुरतं कावेरीताईंच्या बाजूने. मुदतीचा करार मात्र आमच्या हिशोबात भाडेपट्टा.

मुक्कामराव, एक राहिलंच. पहारा अंगावर घ्यायचा हे कळलं, पण पुढे त्याचे पैसे घ्यायला लागले का? आमच्या अनुभवात श्रमदानाची पावती झाली की समजायचं, माणसाची गरज संपली, आता नुसती वसुली.

मुक्काम_मानहाइम

हो, बऱ्याच ठिकाणी तसंच झालं. १४व्या-१५व्या शतकात पहारा, तट, वेठ यांच्या जागी रोख रक्कम आली, आणि कागदांत ज्यू आधी 'राखणारे' म्हणून दिसत, ते नंतर 'भरणारे' म्हणून दिसायला लागले. वर्म्सची जुनी ज्यू गल्ली तटाला चिकटूनच आहे, त्यामुळे तिथे तट राखणं म्हणजे स्वतःचं परसदार राखणं. या रविवारी जाणार आहे. कोणाला गल्लीचे, तटाचे फोटो हवे असतील तर खाली सांगा.

निवृत्त_कारकून

दरवाजाचा पाठवा. आतल्या बाजूने.